पाण्याआधी किट तपासा: घरच्या जलतरण तलावासाठी चाचणी-संच कसा निवडावा आणि कसा पारखावा

कर्जत-अलिबागकडची फार्महाउस असोत, गोव्यातला एखादा व्हिला असो की पुण्यातली गृहनिर्माण संस्था असो, तलाव बांधून देणारा कंत्राटदार काम संपवून जाताना फिल्टरच्या खोलीत प्लॅस्टिकची एक छोटी पेटी ठेवून जातो. तिच्यात दोन नळ्यांचा एक ठोकळा, त्यावर पिवळ्या आणि लाल छटांच्या पट्ट्या, आणि थेंब टाकायच्या दोन बाटल्या असतात. पुढे कित्येक वर्षे त्या पेटीवर विसंबून पाण्यात क्लोरीन पडते, आम्ल पडते, सोड्याची पोती रिकामी होतात; मात्र ती पेटी खरे सांगते का, हे कोणी विचारत नाही. चांगले किट कोणते हे वेष्टनावर छापलेल्या चाचण्यांच्या संख्येवरून ठरत नसून, माहीत असलेल्या द्रावणावर ते घरीच तपासता येते का आणि त्या तपासणीत ते टिकते का, यावरून ठरते. हीच पारख कशी करावी ते पुढे मांडले आहे.

चुकीच्या आकड्याची किंमत किती, हे आधी पाहू. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.३ मीटर खोल अशा तलावात सुमारे ४२,००० लिटर पाणी मावते. किटने अल्कता, म्हणजे पूलवाल्यांच्या भाषेतली अल्कॅलिनिटी, खऱ्यापेक्षा ४० पीपीएम कमी दाखवली, तर ती ‘भरून काढण्यासाठी’ आपण जवळजवळ २.८ किलो खाण्याचा सोडा विनाकारण ओततो. त्याने सामू, म्हणजे पीएच, चढतो, तो उतरवायला आम्ल टाकावे लागते, आणि महिनाभर हा खेळ चालू राहतो. पीपीएम म्हणजे व्यवहारात दर लिटर पाण्यात इतके मिलिग्रॅम, एवढे लक्षात ठेवले की पुढचे हिशेब सोपे जातात.

पिवळा रंग काय सांगतो आणि काय लपवतो

त्या पेटीतल्या पिवळा रंग देणाऱ्या बाटलीत ऑर्थोटोलिडिन असते. महाराष्ट्रातल्या गावकऱ्यांना ते ‘ओटी टेस्ट’ म्हणून ठाऊक आहे. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्यात याच रसायनाचे थेंब टाकतो आणि पिवळी झाक आली की पाण्यात क्लोरीन पोहोचला असे मानतो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, ग्राहकापर्यंत किमान ०.२ पीपीएम मुक्त क्लोरीन शिल्लक राहावा असे सांगते. तिथे प्रश्न ‘क्लोरीन आहे की नाही’ एवढाच असतो, आणि त्यासाठी ही चाचणी काम भागवते.

पोहण्याच्या तलावात प्रश्न वेगळा असतो. घाम आणि मूत्र यांतले नत्रयुक्त पदार्थ क्लोरीनशी संयोग पावून क्लोरामाइन बनतात. हा संयुक्त क्लोरीन जंतू मारण्यात फार मंद असतो. जंतूंचा खरा शत्रू म्हणजे मुक्त क्लोरीन. ऑर्थोटोलिडिन मुक्त क्लोरीनशी काही सेकंदांत आणि संयुक्त क्लोरीनशी सावकाश रंग धरते, त्यामुळे मिनिटभराने नळीकडे पाहणाऱ्याला जो पिवळा दिसतो तो दोघांच्या बेरजेचा असतो. पट्टीवर २ पीपीएम जुळले तरी त्यात मुक्त क्लोरीन ०.३ च असू शकतो, आणि हे या किटला कधीही वेगळे करून सांगता येत नाही.

याचा परिणाम अनेक सोसायट्यांत दिसतो. डोळे चुरचुरतात, पाण्याला उग्र वास येतो, रहिवासी म्हणतात की क्लोरीन फार झाला. पूलवाला ओटी किट काढतो, गडद पिवळा रंग दाखवतो आणि क्लोरीन कमी करतो. वास्तविक तो वास क्लोरामाइनचा असतो आणि पाण्याला गरज असते ती अधिक मुक्त क्लोरीनची. किट नादुरुस्त नव्हते; त्याला भलताच प्रश्न विचारला गेला होता. शिवाय ऑर्थोटोलिडिनची गणना कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत होते आणि त्याचे द्रावण आम्लयुक्त असते, म्हणून नळीतले पाणी परत तलावात ओतण्याची सवय मोडलीच पाहिजे. घरच्या तलावासाठी नवे किट घेताना ओटीचे किट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्लोरीनसाठी डीपीडी, आणि शक्यतो थेंब मोजायचे डीपीडी

डीपीडी पद्धत आर्थर पॅलिन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडली. या रसायनाने मुक्त क्लोरीन असलेले पाणी गुलाबी होते. पहिल्या गोळीने मुक्त क्लोरीन कळतो. त्याच नमुन्यात तिसऱ्या क्रमांकाची, पोटॅशियम आयोडाइड असलेली गोळी टाकली की एकूण क्लोरीन कळतो. आणि दोघांतली वजाबाकी म्हणजे संयुक्त क्लोरीन. अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्र तलावात किमान १ पीपीएम, आणि क्लोरीनला उन्हापासून वाचवणारे सायन्युरिक आम्ल वापरले असल्यास किमान २ पीपीएम मुक्त क्लोरीन ठेवण्याची शिफारस करते. त्यामुळे हा आकडा एकूण क्लोरीनपासून वेगळा मोजता येणे ही किटकडून पहिली अपेक्षा धरावी.

रंग जुळवण्याच्या डीपीडी किटमध्ये दोन दोष आहेत. एक म्हणजे गुलाबी रंगाच्या ३ आणि ५ पीपीएमच्या छटांत फरक करणे डोळ्यांना जड जाते, आणि रंगांधळ्या व्यक्तीला तर ते जवळजवळ अशक्य असते. दुसरा दोष अधिक घातक आहे: क्लोरीन फार जास्त असेल, साधारण १० पीपीएमच्या पुढे, तर तो डीपीडीचा रंगच उडवून टाकतो आणि पाणी निर्मळ, रंगहीन दिसते. ‘क्लोरीन शून्य’ समजून माणूस आणखी क्लोरीन ओततो. गोळी टाकताच क्षणभर गुलाबी चमक येऊन नाहीशी झाली, तर नमुना निम्म्याने पातळ करून पुन्हा तपासावा. पातळ नमुन्याने मूळ नमुन्यापेक्षा जास्त आकडा दाखवला, तर पहिला आकडा खोटा होता हे निश्चित समजावे.

या दोन्ही अडचणींवर उपाय म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट वापरून केलेले डीपीडी अनुमापन. त्यात आधी पावडर टाकून पाणी गुलाबी करायचे आणि मग ते पूर्ण रंगहीन होईपर्यंत एकेक थेंब मोजत टाकायचा. १० मिलिलिटर नमुन्यात प्रत्येक थेंब ०.५ पीपीएमचा, २५ मिलिलिटर नमुन्यात ०.२ पीपीएमचा असतो. इथे छटा जुळवायची नसते, रंग गेला की नाही एवढेच पाहायचे असते. टेलर या अमेरिकन कंपनीचे के-२००६ हे किट याच पद्धतीचे आहे. तिचेच के-२००५ दिसायला जुळे भावंड असले तरी त्यात क्लोरीनसाठी रंग जुळवण्याचा ठोकळा आहे, हे मागवताना ध्यानात ठेवावे. आपल्याकडे डीपीडी गोळ्यांचे किट त्या मानाने सहज मिळते, आणि तेही ओटीपेक्षा कितीतरी बरे.

गोळ्या विकत घेताना एक खुबी जाणून घ्यावी. फोटोमीटरसाठी, म्हणजे रंग मोजणाऱ्या यंत्रासाठी, बनवलेल्या आणि हाताच्या ठोकळ्यासाठी बनवलेल्या गोळ्या सारख्या दिसल्या तरी वेगळ्या असतात. सामू तपासणाऱ्या फिनॉल रेडच्या बाबतीत तर रंगद्रव्याचे प्रमाणच वेगळे असते. एका कंपनीचा ठोकळा आणि दुसऱ्या कंपनीचे रसायन असा संसार मांडू नये.

सामू, अल्कता, जडपणा

सामू तपासणारे फिनॉल रेड साधारण ६.८ ते ८.२ या पट्ट्यात पिवळ्यापासून गर्द लालपर्यंत रंग बदलते, आणि तलावाला हवा असलेला ७.२ ते ७.८ चा टप्पा बरोबर मध्ये येतो. त्यामुळे या चाचणीत साध्या किटलाही फारसे नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र क्लोरीन फार वाढलेला असताना रंग जांभळट होतो आणि सामू खोटाच उंच दिसतो. अशा वेळी क्लोरीन उतरेपर्यंत सामूचा आकडा गृहीत धरू नये. थायोसल्फेटचे थेंब टाकून क्लोरीन मारता येतो, पण ते जास्त पडले की सामूचा आकडा त्यांनीही सरकतो.

अल्कता आणि कॅल्शियमचा जडपणा थेंब मोजूनच तपासावा. अल्कतेच्या चाचणीत हिरवा रंग लाल होतो, जडपणाच्या चाचणीत लाल रंग निळा होतो. २५ मिलिलिटरच्या नमुन्यात सहसा एक थेंब म्हणजे १० पीपीएम. दख्खनच्या बेसाल्टमधल्या बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी तलावात भरणाऱ्यांना जडपणाची चाचणी अनिवार्य आहे, कारण टाइल्सवरचा पांढरा थर तिथूनच येतो. इथे एक गफलत नेहमी होते. पिण्याच्या पाण्यासाठी गावोगाव वापरली जाणारी फील्ड टेस्ट किट आणि मत्स्यालयाची किट एकूण जडपणा मोजतात, त्यात मॅग्नेशियमही येते. तलावासाठी हवा तो फक्त कॅल्शियमचा जडपणा. मत्स्यालयवाल्यांची केएच चाचणी मात्र उपयोगी आहे, कारण ती अल्कताच मोजते. तिचा एक अंश म्हणजे सुमारे १७.९ पीपीएम.

जे स्वस्त किट मोजतच नाही

आपल्याकडे बहुतेक घरगुती तलावांत टीसीसीए ९० या क्लोरीन देणाऱ्या रसायनाच्या गोळ्या टाकतात. त्या क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही देतात: दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम. दिवसाला २ पीपीएम क्लोरीन खर्च होणाऱ्या तलावात महिन्याला ६० पीपीएम क्लोरीन पडतो आणि त्यासोबत ३६ पीपीएम सायन्युरिक आम्ल साठते. थोडे असले तर ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते. ३० ते ५० पीपीएम पुरेसे असते. पुढे ते जसजसे वाढते तसतसा तोच क्लोरीन मंदावतो, आणि किटवर २ पीपीएम दिसत असूनही पाणी हिरवे होऊ लागते. पावसाळ्यात तलाव ओसंडून वाहतो तेव्हा ते आपोआप थोडे उतरते, पण ऑक्टोबर ते मे उतरायला वाटच नसते. ओटी आणि फिनॉल रेडच्या दोन बाटल्यांच्या किटला यातले काहीही दिसत नाही. म्हणून टीसीसीए वापरणाऱ्याने सायन्युरिक आम्लाची चाचणी नसलेले किट पूर्ण मानू नये.

ही चाचणी गढूळपणावर चालते. रसायन मिसळल्यावर पाणी दुधाळ होते आणि ते अरुंद नळीत ओतत गेले की तळाचा काळा ठिपका दिसेनासा होतो. जिथे तो नाहीसा झाला तिथला आकडा वाचायचा. ती फार काटेकोर चाचणी नाही. बाहेर, उन्हाकडे पाठ करून, आपल्याच सावलीत नळी कमरेच्या उंचीवर धरावी, ठिपक्याकडे टक लावून न पाहता नजर टाकून काढावी, आणि तेच दुधाळ पाणी पुन्हा बाटलीत घेऊन तीनदा वाचावे. थंड पाण्यात आकडा चुकतो, त्यामुळे हिवाळ्यातल्या सकाळी महाबळेश्वर-लोणावळ्याकडे नमुना आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा.

पट्ट्या आणि पेन

बुडवून रंग पाहायच्या पट्ट्या वेळ वाचवतात, आणि रोजच्या ओझरत्या नजरेसाठी त्यांना हरकत नाही. त्यांच्यावरचे अल्कतेचे आणि सायन्युरिक आम्लाचे चौकोन मात्र इतके ढोबळ असतात की त्यांवरून रसायनाची मात्रा ठरवू नये. कोकणातल्या जून-जुलैच्या दमट हवेत झाकण दोन-चार वेळा उघडे राहिले की अख्खी बाटली निकामी होते, आणि ती निकामी झाल्याचे दिसतही नाही.

घरोघरी आरओसाठी आलेले टीडीएसचे पेन तलावाच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे. ते विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते, क्लोरीन, सामू किंवा जंतू यांपैकी कशाचाही नाही. सामूचे पेन चालते, पण सोबत मिळणाऱ्या ६.८६ आणि ९.१८ च्या पावडरींच्या द्रावणात ते नियमित जुळवून घेतले तरच.

वेष्टनावर एनएसएफ/एएनएसआय ५० या अमेरिकी मानकाचा उल्लेख असेल तर तो नीट वाचावा. त्यात पाणी तपासण्याच्या साधनांनाही अचूकतेनुसार एल१, एल२ आणि एल३ अशा श्रेणी असतात; एल१ सर्वांत वरची. ‘प्रोफेशनल’, ‘सिक्स-इन-वन’ यांसारख्या शब्दांना काहीच वजन नाही.

किटची घरच्या घरी परीक्षा

आता मुख्य काम. यासाठी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर काही लिटर, खाण्याच्या सोड्याचे नवे पाकीट, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, औषधाच्या दुकानातली १० मिलिलिटरची सिरिंज आणि सामूच्या पेनासाठी मिळणारी ६.८६ ची पावडर एवढे लागते. सोडा म्हणजे खाण्याचाच सोडा. पापडखार, धुण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर चालणार नाही.

अल्कतेपासून सुरुवात करावी. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १७ ग्रॅम सोडा पूर्ण विरघळवावा. हे द्रावण सुमारे १०,००० पीपीएम अल्कतेचे होते. त्यातले १० मिलिलिटर सिरिंजने घेऊन डिस्टिल्ड वॉटरने एक लिटर करावे, म्हणजे १०० पीपीएमचे पाणी तयार होते. किटचा एक थेंब १० पीपीएमचा असेल तर रंग दहाव्या थेंबाच्या आसपास पालटायला हवा. नऊ किंवा अकरा थेंब चालतील. चौदा लागले तर रसायन बिघडले आहे किंवा थेंब लहान पडत आहेत. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचीही चाचणी करावी. तिथे पहिल्याच थेंबाला रंग बदलला नाही, तर ते पाणीच शुद्ध नाही.

थेंब लहान पडणे हे किटच्या बदनामीचे एक मोठे आणि न दिसणारे कारण आहे. बाटली तिरकी धरली किंवा तिच्या तोंडाशी स्थिर विद्युत साठली की थेंब लहान पडतात, जास्त मोजावे लागतात आणि आकडा फुगतो. बाटली उभी उलटी धरावी, तोंड ओल्या स्वच्छ कापडाने पुसून घ्यावे, आणि मग पुन्हा मोजावे. तरीही फरक राहिला तरच रसायनाला दोष द्यावा.

सामूसाठी दोन टोके तपासावीत. ६.८६ चे द्रावण पाकिटावरच्या प्रमाणात बनवून त्यात फिनॉल रेड टाकले की पट्टीवरच्या ६.८ च्या पिवळ्या घरापाशी रंग जुळला पाहिजे. दुसऱ्या टोकाला ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा सोडा ढवळला की त्याचा सामू ८.३ च्या आसपास येतो, तिथे पट्टीचा सर्वांत गर्द लाल रंग यायला हवा. डिस्टिल्ड वॉटरचा सामू मात्र मोजू नये. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो इकडे-तिकडे हलतो आणि किट उगाच बदनाम होते.

क्लोरीनचे असे ठरावीक द्रावण घरी बनत नाही, कारण हायपोक्लोराइटच्या, म्हणजे द्रव क्लोरीनच्या, कॅनवर छापलेली तीव्रता दुकानात पडून राहिल्याने उतरलेली असते. म्हणून तिथे प्रमाण तपासायचे: तलावाचा नमुना जसाच्या तसा, आणि मग तोच डिस्टिल्ड वॉटरने निम्मा करून. पहिला ४ आणि दुसरा २ च्या आसपास आला तर किट सरळ चालते आहे. सायन्युरिक आम्लाचीही हीच परीक्षा घ्यावी, फक्त ३० पीपीएमच्या खाली त्या नळीवर विश्वास ठेवू नये. ५० पीपीएमचे तयार द्रावण विकत मिळत असेल तर ते घेऊन एकदा आपली नजर बसवून घ्यावी.

नमुना आणि नळी

किट खरे ठरले तरी नमुना खोटा असू शकतो. पाणी तलावात येण्याच्या तोंडापासून दूर, कोपरभर म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर खोलीवरून, बाटली उलटी बुडवून आत सुलटी करून घ्यावे. पृष्ठभागावरच्या पाण्यात ऊन आणि सनस्क्रीन दोन्ही असतात. नळी त्याच पाण्याने दोन-तीनदा खंगाळावी आणि बोटाऐवजी तिच्या झाकणानेच बंद करावी. एकूण क्लोरीनसाठी टाकलेल्या तिसऱ्या गोळीचा अंश नळीत राहिला तर दुसऱ्या दिवशी मुक्त क्लोरीन खोटाच जास्त दिसतो, म्हणून दोन चाचण्यांना दोन नळ्या ठेवलेल्या उत्तम. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदापुढे पाहावा. पिवळ्या बल्बखाली फिनॉल रेडचे काहीही दिसते.

कोकण आणि गोव्यात जांभ्याच्या पट्ट्यातल्या विहिरीचे पाणी भरणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. त्यात मँगेनीज असेल तर क्लोरीनने त्याचे ऑक्सिडीकरण होते, आणि मग क्लोरीन संपल्यावरही डीपीडी गुलाबी रंग देत राहते. रात्री पंप बंद ठेवूनही सकाळी आकडा तसूभर हलत नसेल, तर क्लोरीन टिकला म्हणून खूश होण्याआधी विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

किट फिल्टरच्या खोलीत ठेवू नये. तिथे आम्लाच्या आणि क्लोरीनच्या वाफा असतात, उन्हाळ्यात भट्टी असते. घरात, अंधाऱ्या कपाटात, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ते वर्षभर नीट राहते. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. डीपीडीचे द्रव रसायन काळवंडले की ते टाकून द्यावे. फेरस अमोनियम सल्फेट जुने झाले की दुबळे पडते आणि थेंब जास्त लागून क्लोरीन फुगवून दाखवते, म्हणून ते रंग बदलले नाही तरी वर्षाने बदलावे. सोड्याची परीक्षा जूनमध्ये पावसाआधी आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर अशी दोनदा घ्यावी, आणि किती थेंब लागले ते झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवावे.